खांद्यावरचं मूल

संत ख्रिस्तोफरला चर्चने यादीतून काढून टाकलं, हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलं आहे की मूळ निर्णय नीट पाहणं भाग पडलं. १४ फेब्रुवारी १९६९ रोजी पोप सहावे पॉल यांनी चर्चच्या वार्षिक पंचांगाची फेररचना मंजूर केली. तीत २५ जुलैचा ख्रिस्तोफरचा सण सार्वत्रिक पंचांगातून गळला. हा सण रोमच्या प्राचीन परंपरेतला नाही, १५५०च्या सुमारास आला, असं कारण दिलं गेलं. स्थानिक पातळीवर तो पाळायला मुभा राहिली आणि हुतात्म्यांच्या अधिकृत नामावलीत ख्रिस्तोफरचं नाव आजही आहे. संतपद कुणी काढून घेतलं नव्हतं. लोकांपर्यंत मात्र बातमी वेगळीच पोहोचली आणि गळ्यातल्या पदकाचं आता करायचं काय, असा पेच पडला.

पदक म्हणजे चिमटीत मावणारी धातूची गोल चकती. धिप्पाड माणूस काठी टेकत नदी ओलांडतो आहे, खांद्यावर मूल. पलीकडे नेताना मुलाचं वजन असह्य वाढतं, आणि ते मूल म्हणजे सगळ्या जगाचा भार वाहणारा ख्रिस्त असल्याचं शेवटी कळतं. ‘ख्रिस्तोफर’चा ग्रीक अर्थच ख्रिस्तवाहक. तेराव्या शतकातल्या ‘लेजेंडा ऑरिया’ या संतचरित्रसंग्रहाने ही कथा युरोपभर पोहोचवली. भक्ती मात्र कितीतरी जुनी: आशिया मायनरमध्ये ४५२ साली त्याच्या नावाचं चर्च उभं होतं. म्हणजे फारशी माहिती नसलेला एक हुतात्मा आणि त्याला मागाहून चिकटलेली नदी. पदकावर आली ती नदीच.

मध्ययुगात अशी समजूत होती की ज्या दिवशी ख्रिस्तोफरचं चित्र दिसेल त्या दिवशी अवचित मरण येत नाही. म्हणून अनेक चर्चमध्ये दारासमोरच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र काढत. जाता-येता नजर पडली की झालं. पापांची कबुली न देता मरणं, ही त्या माणसांची खरी धास्ती होती. भिंत बरोबर नेता येत नाही, पदक नेता येतं. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका सेवकाच्या छातीवर चांदीचा ख्रिस्तोफर चमकतो तो असा. इरॅस्मसने सोळाव्या शतकाच्या आरंभीच या समजुतीची भरपूर टवाळी केली. ती टवाळी विद्वानांनी वाचली.

मग मोटार आली, आणि अवचित मरण पुन्हा रोजच्या रस्त्यावर आलं. युरोप-अमेरिकेत चालकासमोर ख्रिस्तोफर बसला. १९६५ साली अंतराळात चालणारा पहिला अमेरिकी, एड व्हाइट, याच्याजवळही त्याचं पदक होतं.

मराठी वाचकाला इथे देवघरातला टाक आठवेल. घाट सारखा आहे, नातं वेगळं. टाकाला स्नान घालतात, नैवेद्य दाखवतात; तिथे देव असतो. चर्चच्या शिकवणीत पदकाला स्वतःची शक्ती नाही, ते फक्त प्रार्थनेची आठवण देतं. प्रत्यक्षात गळ्यात घालणारे हा भेद किती पाळतात, याबद्दल मला शंकाच आहे. आणि १९६९ नंतर पदकं टिकली ती याच ढिलाईमुळे, असं माझं मत आहे.

ती अजून पाडली जातात. काहींवर जहाज, मोटार, विमानही कोरलेलं असतं. नदी, काठी आणि मूल तशीच आहेत.