वळचणीची फळी

इंग्लंडांतील जुन्या घराच्या छपराकडे पाहिलें असतां वाशांचीं टोंकें एका लांब फळीनें झांकलेलीं दिसतात. पावसापासून वाशांचें रक्षण करावें व पन्हळीला आधार द्यावा, एवढेंच तिचें काम. दिसावयास ही बाब क्षुल्लक; परंतु छपराच्या कडेच्या या लांकडापायीं एका राजधानीच्या रस्त्यांचें रूप पालटलें.

सन १६६६ च्या सप्टेंबरांत लंडनला लागलेल्या आगींत सुमारें १३,२०० घरें भस्मसात् झालीं. पुढील वर्षींच्या कायद्यानें घरांच्या बाहेरील भिंती विटांच्या अथवा दगडाच्या असाव्यात, असें ठरलें. भिंती पक्क्या झाल्या. तथापि छपराच्या कडेला कोरीव लांकडाची भरघोस कंगणी बसविण्याची हौस कायम राहिली. खिडकींतून बाहेर पडलेली ज्वाळा भिंतीवरून वर चढे, या लांकडाला भिडे आणि तेथून वाशांत शिरे. घरें एकमेकांस लागून असल्यामुळें ती शेजाऱ्याच्या छपराकडेहि धांव घेई. पक्क्या भिंतींच्या माथ्यावर जणूं काडवातींचें तोरणच बांधलेलें होतें.

म्हणून १७०७ सालीं पार्लमेंटनें लंडन व वेस्टमिन्स्टर येथील नव्या घरांना अशी लांकडी कंगणी लावण्याची मनाई केली. दर्शनी भिंत माळ्याच्या जमिनीपासून अडीच फूट वर न्यावी व तिच्या आड छपराची कड राहावी, असा दंडक पडला. १७०९ च्या कायद्यानें खिडक्यांच्या लांकडी चौकटीहि भिंतीच्या दर्शनी अंगापासून चार इंच आंत घेण्यास लावल्या. जॉर्जियन घरांच्या ज्या साध्या, सरळ, कठडेबंद शोभेची वाखाणणी होते, ती केवळ अभिरुचीनें घडलेली नाहीं. आगीच्या भयाचाहि तींत वांटा आहे. पुढें तीच रूढि झाली, आणि ज्यांना कायदा लागू नव्हता अशा कित्येक जुन्या घरमालकांनींहि वळचण काढून कठडा उभारला.

परंतु या सुधारणेची किंमत निराळ्या रीतीनें द्यावी लागली. पूर्वी वळचणीचें पाणी भिंतीपासून दूर गळत असे; आतां तें कठड्यामागील शिशाच्या पन्हळींत सांचूं लागलें. पन्हळ पाल्यानें तुंबली किंवा शिशाला चीर गेली, कीं पाणी थेट वाशांच्या टोंकांत मुरे. लांकूड आंतून कुजत जाई, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्यास कठडा मात्र अभंग दिसे. अग्नीला एक दार बंद केलें, तों पाण्याला दुसरें उघडलें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडमध्यें प्लॅस्टिकच्या फळ्या निघाल्या. रंग नको, डागडुजी नको, म्हणून त्या लोकप्रिय झाल्या. जुनी फळी काढण्याचा खर्च टाळून तिच्यावरच प्लॅस्टिकचा पातळ पत्रा ठोकण्याचीहि पद्धत पडली. येथेंहि तोच इतिहास नव्या वेषांत दिसतो. लांकडांतील ओलावा शेंकडा वीसच्या वर राहिला, तर बुरशीला तें अनुकूल होतें. आच्छादनामुळें वारा बंद झाला, म्हणजे तो ओलावा वाळत नाहीं. बाहेर शुभ्र कड चकाकत असते आणि आंत खिळ्याला धरावयास घट्ट लांकूड उरत नाहीं.

यास्तव जाणता सुतार प्रथम फळींत टोंचणी खुपसून पाहतो. लांकूड मऊ लागलें, तर फळी काढून वाशांचीं टोंकें तपासतो, कुजका भाग बदलतो, छपरांत वारा खेळेल अशी फट ठेवतो आणि मगच नवी फळी बसवितो. यांत वेळ व पैसा अधिक जातो खरा. पण छपराचा भार अखेर वाशांवर असतो, त्यांना झांकणाऱ्या पत्र्यावर नव्हे.