ब्राउनीची बखर

इतिहास म्हणजे राज्ये, लढाया आणि तहनामे, अशी समजूत आमच्या मनात शाळेपासून रुजलेली असते. स्वयंपाकघरातील पदार्थालाही इतिहास असतो, आणि तेथेही खऱ्याखोट्याचा निवाडा करावा लागतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे अमेरिकेतील एक लहानसा पदार्थ ठेवीत आहो. त्याचे नाव ब्राउनी. त्यातही जिच्यात मलईदार चीझचे सारण असते ती.

ब्राउनी म्हणजे चॉकलेटची, भट्टीत भाजलेली चौकोनी वडी. केकमध्ये मैदा पुष्कळ, शिवाय तो फुगविणारी पूडही असते. हिच्यात मैदा थोडा, आणि लोणी, साखर, अंडी व चॉकलेट यांचाच भर. म्हणून ती फारशी फुगत नाही; दाट आणि ओलसर राहते. सारणाची करावयाची असल्यास क्रीम चीझ, साखर व अंडे एकजीव घोटून ते मिश्रण चॉकलेटच्या दोन थरांमध्ये घालतात, आणि सुरीचे टोक आतून नागमोडी फिरवितात. भट्टीच्या उष्णतेने अंडे आळते व चीझ जागच्या जागी बसते. वडी कापली म्हणजे आत संगमरवरासारख्या काळ्यापांढऱ्या रेषा दिसतात. चॉकलेटचा कडवटपणा आणि चीझचा किंचित आंबटपणा एकमेकांस आवरून धरतात.

हिच्या जन्माची कथा मोठी भपकेदार आहे. १८९३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे वाचकांस ठाऊकच आहे. प्रदर्शनाच्या स्त्री-व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षा बर्था पामर या होत्या, आणि त्यांच्या यजमानांचे पामर हाउस नावाचे मोठे हॉटेल त्याच शहरात होते. स्त्रियांच्या फराळाच्या डब्यात मावेल, केकच्या तुकड्याहून लहान असेल, असा गोड पदार्थ करा, असे बाईंनी आचाऱ्यांस सांगितले. त्यांनी अक्रोड घालून, वरून जर्दाळूच्या पाकाचा हात देऊन चॉकलेटची वडी केली. आणि तीच पहिली ब्राउनी, असे हॉटेल सांगत आले आहे.

ही झाली बखर. बखरीपेक्षा अस्सल कागद अधिक विश्वसनीय, हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडापासून आम्हांस शिकविले. तोच न्याय येथे लावून पाहू. १८९६ साली बोस्टनच्या पाकशाळेतील फॅनी फार्मर यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. प्रकाशकास खपाची खात्री नसल्यामुळे पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च बाईंनी स्वतः सोसला. त्या पुस्तकात ब्राउनी आहे. पण ती काकवीची! तीत पेकन नावाची कवचफळे आहेत, चॉकलेट मुळीच नाही. प्रदर्शनास तीन वर्षे उलटल्यावरही एवढ्या जाणत्या बाईंना ब्राउनी म्हटले म्हणजे काकवीची वडी आठवत असेल, तर चॉकलेटच्या वडीस हे नाव १८९३ मध्येच मिळाले होते असे मानणे कठीण जाते. हॉटेलात त्या साली अशी वडी झालीच नसेल, असा आमचा दावा नाही. पण पदार्थ होणे निराळे आणि त्यास नाव मिळणे निराळे.

चॉकलेटची ब्राउनी छापील कागदावर दिसते ती १९०४ साली, आणि ती दोन साध्यासुध्या पुस्तकांत: एक न्यू हॅम्पशायरमधील लॅकोनिया या लहान गावचे, दुसरे शिकागोच्या सर्व्हिस क्लबचे. अमेरिकन स्त्रियांच्या मंडळांविषयी पंडिता रमाबाईंनी आपल्या १८८९ च्या प्रवासवृत्तात मोठ्या आस्थेने लिहिले आहे. अशी मंडळे सत्कार्यासाठी पैसा उभा करण्यास सभासदांच्या पाककृती छापून विकीत. पुढे १९०६ मध्ये फार्मरबाईंनीही आपल्या पुस्तकात चॉकलेटची ब्राउनी घेतली; तीत अंडे एक. १९०७ मध्ये एका चॉकलेट-व्यापाऱ्याच्या पुस्तकात अंडी दोन झाली, आणि वडीस आजचा दाटपणा आला.

आता सारणाकडे वळू. हे चीझ अमेरिकेत ‘फिलाडेल्फिया’ या नावाने विकले जाते. आनंदीबाई जोशी वैद्यक शिकावयास गेल्या त्याच शहराचे हे नाव. पण चीझचा व्यापारी कारखाना त्या शहरी नव्हता. न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स हा दुधाचा व्यवसाय करणारा गृहस्थ नॉर्मंडीतील नफशातेल चीझच्या धर्तीवर चीझ करीत असे. त्यात साय अधिक घालून त्याने हे चीझ काढले. त्याचे साल १८७२ सांगतात. १८८० मध्ये रेनॉल्ड्स नावाच्या व्यापाऱ्याने त्यावर फिलाडेल्फियाचे नाव छापले, कारण त्या शहराच्या आसपासच्या दुधालोण्याची मोठी ख्याती होती. ती ख्याती शेतघरांतील स्त्रियांनी मिळविलेली. लॉरेन्सच्या कितीतरी आधीपासून त्या घरच्या घरी सायीचे मऊ चीझ करीत. कष्ट एकीचे, छाप दुसऱ्याची.

चॉकलेटचेही तेच. सारणाच्या ब्राउनीस अनेक गृहिणी ‘जर्मन’ चॉकलेट घेतात. त्याचा जर्मनीशी काही संबंध नाही. १८५२ साली बेकर कंपनीसाठी ते तयार करणाऱ्या सॅम्युएल जर्मन या कारागिराचे ते आडनाव!

ब्राउनी या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला म्हणजे मात्र मन थांबते. स्कॉटलंडच्या लोककथांत ब्राउनी हे घरात वावरणारे एक भूत आहे. घरची माणसे निजली की ते येते, उरलेली कामे उरकते, आणि कोणाच्या दृष्टीस पडण्याच्या आत निघून जाते. पामर कॉक्स या चित्रकाराच्या १८८७ च्या पुस्तकामुळे ही भुते अमेरिकेतील मुलांच्या परिचयाची झाली होती. स्वयंपाकघरातील स्त्रीस याहून समर्पक रूपक आम्हांस तरी सुचत नाही.

तरीही हॉटेलच्या बखरीची आज परीक्षा करता येते, ती एकाच कारणाने: लॅकोनियाच्या आणि शिकागोच्या त्या बायांनी आपल्या पाककृती छापल्या, आणि पुस्तकावर साल घातले. आमच्या आज्या-पणज्यांच्या हातच्या वह्या अजून कित्येक घरांतील कपाटांत आहेत. तेलाच्या डागांनी पिवळ्या झालेल्या त्या पानांवर साल बहुधा नसते, लिहिणारीचे नावही नसते. ज्यांना ते सांगता येईल अशी वडील माणसे घरात आहेत तोवर, वाचकांनी पहिल्या पानावर एवढ्या दोन गोष्टी लिहून ठेवाव्या.