अकरा महिन्यांचा कागद

परवा आमच्या पेठेतल्या एक काकू घरी आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्पपेपर. वरच्या दोन खोल्या 2021 मध्ये चार हजारांनी दिल्या होत्या. कागद अकरा महिन्यांचा. तो संपल्यावर नवा केलाच नाही. पुढे तोंडी ठरून भाडं पाच हजार झालं, तेही रोख. आता मुलगा गावी परत येतोय म्हणून खोल्या हव्यात, तर भाडेकरू म्हणतो, "मी लायसन्सवाला नाही, भाडेकरू आहे. आणि भाडं चारच हजार आहे."

काकूंचा प्रश्न साधा होता : "अहो, अकरा महिन्यांचाच केला होता ना मी! बारा झाले असते तर घर त्याचं झालं असतं. मग हा असं कसं म्हणतो?"

ही समजूत आपल्या गावात शंभरातल्या नव्वद घरमालकांची असेल. ती आली कुठून, ते बघण्यासारखं आहे.

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, आणि 1918 मध्ये सरकारने भाडं बांधणारा पहिला कायदा आणला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. मग आला 1947 चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर गोठवलं. कायदा तात्पुरता होता बरं का! मुदत वाढवत वाढवत तो पन्नास वर्षं चालला.

गोठलेलं भाडं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. लहानपणी आम्ही एका वाड्यात राहायचो, भाडं महिना सतरा रुपये. पावसाळ्यात आई गळतीखाली बादल्या लावायची. मालक आबा एक तारखेला यायचे, पावती फाडायचे, वर कौलांकडे बघायचे आणि जायचे. सतरा रुपयांत त्यांनी कौलं कशी बदलायची? आणि दुसऱ्याच्या घरावर आमच्या वडिलांनी तरी का खर्च करावा? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, वाडा मात्र पडला. मुंबईतल्या हजारो चाळींची हीच कथा. तिथे तर दुरुस्तीसाठी सरकारला वेगळं मंडळ काढावं लागलं.

मालकांनी मग पळवाट शोधली. भाडेकरू म्हणायचंच नाही, 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणायचं. वापरायला दिलंय, हक्क काही दिलेला नाही. आणि 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून खर्च आणि खेटे वाचवायला अकरा महिने. पण 1973 मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला : 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं, ते भाडेकरू मानले जातील. मालकांनी हाय खाल्ली. घरं कुलपात राहिली, पण भाड्याने गेली नाहीत. माझ्या मते 'राहिला की घर गेलं' ही धास्ती तेव्हाची आहे, आणि ती आजही आपल्या मानेवर बसलीय.

डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी ठरलंय. 31 मार्च 2000 पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. जुन्या भाडेकरूंना वर्षाला 4 टक्के वाढ आली, पागडीलाही मान्यता मिळाली. त्यावर मुंबईत खूप गदारोळ झाला, तो इथे नको.

आपल्या कामाचं आहे कलम 55. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं, फरक पडत नाही. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मुख्य म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी असती तर मुदत संपल्यावर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा मागता आली असती, आणि मुदतीनंतर बसून राहिल्याबद्दल दुप्पट भाडंही.

हे काकूंना सांगितलं. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एजंटने नोंदणीचा खर्च वाचतो म्हणून सांगितलं होतं."

आता त्या पाच हजार मिळत होते याचा पुरावा शोधतायत. एका डायरीत दर महिन्याचा आकडा लिहिलेला सापडलाय, पण त्यावर सही त्यांची एकटीचीच आहे. सोमवारी वकिलांकडे जायचंय. मीही सोबत जातोय.