किमान वेतन वाढलं, तरी गवंडी आणि मजुराच्या पगारातला फरक कमी का होतो?

नंदुरबार असो की शहादा, नवापूर. बांधकामावर गवंडी कुशल कामगार आणि माल वाहणारा अकुशल कामगार धरला जातो. दोघांचं किमान वेतन शासन ठरवतं. त्यात दोन भाग असतात: मूळ वेतन आणि विशेष भत्ता.

मूळ वेतन कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा श्रेणीप्रमाणे वेगळं असतं. विशेष भत्ता महागाईवर ठरतो आणि दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैत बदलतो. बहुतेक उद्योगांत तो सगळ्या श्रेणींना सारखाच असतो.

समजा, गवंड्याचं मूळ वेतन १२ हजार आणि मजुराचं १० हजार. फरक २० टक्के. दोघांना ५ हजार भत्ता लागला की १७ आणि १५ हजार होतात. फरक २ हजारच राहिला, पण टक्केवारी १३ वर आली.

मजुराचा भत्ता कमी करणं हा यावरचा उपाय नाही. मूळ वेतन वेळेवर सुधारलं पाहिजे. ही सुधारणा साधारण ५ वर्षांच्या आत व्हावी, असं कायदा सांगतो. उशीर झाला की कारागिराच्या हाताची किंमत घटते.

पगारपावतीवर श्रेणी, मूळ वेतन आणि भत्ता वेगवेगळे तपासा. गवंड्याला अकुशल दाखवलं असेल तर कामगार कार्यालयात तक्रार करता येते.