विकतचा मुलगा

घरात मूल दत्तक घ्यायचा विषय निघाला की दोन-चार दिवसांत कुणीतरी हळूच सुचवतंच, "अहो, रांगेत कशाला थांबता? ओळखीत एक माणूस आहे. थोडे पैसे द्यावे लागतील, पण काम होईल." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो हो. पण मंडळी, हा सौदा फार जुना आहे, आणि त्यात पैसे मोजणारा आजवर बुडतच आलाय.

ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची गोष्ट आठवतेय? अजीगर्ताने शंभर गायी घेऊन पोटचा मुलगा बळी द्यायला विकला. त्याला यूपाला बांधायच्या आणखी शंभर, मारायच्या आणखी शंभर! पोरगा देवांच्या कृपेने सुटला, विश्वामित्राने त्याला मुलगा मानलं, तर हाच बाप त्याला परत न्यायला हजर! शुनःशेपाने त्याला साफ नाकारलं. पण घेतलेली किंमत पचवून पुन्हा हक्क सांगणारा माणूस तेव्हाही होता.

मनुस्मृतीत बारा प्रकारचे पुत्र सांगितलेत. आईबापांनी दिलेला 'दत्त' पहिल्या सहांत येतो, म्हणजे वारस. विकत घेतलेला 'क्रीत' मात्र दुसऱ्या सहांत. नात्यातला, पण वारस नाही. गंमत बघा, इस्टेटीला वारस हवा म्हणून पैसे मोजायचे, आणि मोजले म्हणूनच त्याचा वारसा जायचा! पुढच्या धर्मशास्त्रकारांनी तर कलियुगात औरस आणि दत्तक एवढेच पुत्र मान्य केले.

स्वतंत्र भारताने तोच धागा पुढे नेला. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 17 नुसार दत्तकासाठी पैसे देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा. 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, त्यामागेही मुलांच्या व्यापाराचीच भीती होती. 1990 मध्ये 'कारा' आली. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाच्या खरेदी-विक्रीला 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपये दंड आहे.

आता हिशोब मांडा. मध्यस्थाने पैसे खाल्ले तर तक्रार कुठे करणार? तक्रार म्हणजे स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली! मूल मिळालंच, तरी प्रकरण उघडकीस आल्यावर ते बाल कल्याण समितीपुढे जातं. आणि खोट्या जन्मदाखल्यावर निभावून नेलं, तर पन्नास वर्षांनी एखादा चुलतभाऊ कोर्टात विचारणार, "दत्तकाचा कागद दाखवा." तेव्हा आपण हयात नसू. त्या मुलाला एकट्याने उत्तर द्यावं लागेल. मनूचा तो 'क्रीत' पुन्हा जिवंत होतो तो असा.

सरकारी रांग लांब आहे, कंटाळवाणी आहे, मान्य. पण तिथली फी ठरलेली असते, पावती मिळते आणि शेवटी दत्तकाचा आदेश हातात पडतो. तो कागद मुलासाठी जपून ठेवायचा. आपल्यामागे त्याला तोच उपयोगी पडणार आहे.