गळ, पीस आणि जिताडा

उरणनजीकच्या द्रोणागिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या एखाद्या तरुणाने तळ्यावर पिसांच्या कृत्रिम माशीने मासे गरवण्याचा छंद आरंभिला, तर शेजारीपाजारी त्यास साहेबी खूळ म्हणून हसतील. खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांस मासा हा जीविकेचा विषय. करमणुकीखातर काठी धरून तासन्‌तास उभे राहणे त्यांस रिकामपणाचे लक्षण वाटल्यास नवल नाही. परंतु हा विनोद मुळातच परकीय होय, हे म्हणणे मात्र इतिहासास धरून नाही.

कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसरा सोमेश्वर (इ. स. 1127 ते 1138) याचा ‘मानसोल्लास’ मराठी वाचकांस परिचित आहे, तो बहुधा महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या त्यातील उल्लेखामुळे. शंभर अध्यायांच्या याच ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने हा ग्रंथ 1925 पासून खंडशः छापला, आणि 1951 साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सोमेश्वर सुमारे 35 जातींचे मासे सांगतो. कोणता समुद्रातला, कोणता गोड्या पाण्यातला, कोणास पिठाचे गोळे रुचतात, कोणास मांस, हे सांगतो. आणि गळ टाकण्यापूर्वी माशांस खाऊ घालून एका जागेची सवय लावावी, असेही सुचवितो. आम्हांस या प्रकरणात राजविलासापेक्षा निरीक्षणाचेच दर्शन अधिक घडते.

पिसाची माशी त्यात नाही. ती युक्ती पश्चिमेची. मॅसिडोनियातील लोक गळास तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसे बसवितात, असे ईलियन या रोमन ग्रंथकाराने सुमारे 1800 वर्षांपूर्वी लिहून ठेविले. 1496 साली इंग्लंडात छापलेल्या एका निबंधात अशा 12 माश्यांची वर्णने आहेत. माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. म्हणून फेकावयाची असते ती जड दोरी, आणि माशी तिच्यामागून जाते. नवशिक्याची सारी फजिती येथेच होते. त्याने पहिले काही दिवस गळाविना, दोरीच्या टोकास लोकरीचा तुकडा बांधून, मोकळ्या मैदानात हात बसवावा, आणि मग तळ्यावर जाऊन वारा पाठीशी घ्यावा.

हात बसला तरी मासा लागेलच असे नाही, कारण इंग्रजी पुस्तके ट्राऊटसाठी लिहिलेली असतात, आणि कोकणच्या तळ्यांत ट्राऊट कोठून असणार? आपल्याकडील रोहू-कटला शेवाळ व पाण्यातील सूक्ष्म जीवांवर राहतात; माशीकडे ते क्वचितच वळतात. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर 1873 साली मंगळुरास पुस्तक छापले. त्याने महसीर काय खातो याचा शोध मोठ्या आस्थेने घेतला. सोमेश्वराचा धडा त्याने नकळत गिरविला, असे म्हणावयास हरकत नाही. महसीराच्या दख्खनी जातीस कर्नल साइक्सने 1839 साली पुण्याकडील नदीवरून शास्त्रीय नाव दिले, तेही स्थानिक ‘खुद्री’ या शब्दावरून. पनवेलहून बोरघाट चढून गेल्यावर लोणावळ्यास वळवण तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने 1970 नंतर याच माशाची कृत्रिम पैदास केली.

द्रोणागिरीच्या तरुणास मात्र इतके दूर जावयास नको. त्याच्या मुलखाचा खरा शिकारी मासा जिताडा. तो लहान मासे व कोळंबी खातो, हलत्या वस्तूवर झडप घालतो. ऑस्ट्रेलियात याच माशासाठी पिसांचे गळ वापरतात. त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते. पावसाळ्यात पिले खाडीतून आत सरकतात, आणि पेण-अलिबागकडील खारेपाटात ती धरून घरोघरच्या गोड्या तळ्यांत वाढविण्याची चाल आहे. तात्पर्य, तळ्यातला जिताडा हा खाडीचा पाहुणा. न्हावाशेव्याचे बंदर 1989 साली चालू झाले, द्रोणागिरीच्या नावाने नवे नगर आखले गेले, आणि आसपासच्या खाजणांत भराव पडत गेला. भरावाने खाडीचे तोंड बुजले की पिलांची वाट बंद होते. मग तळे कितीही निर्मळ असो, त्यात माशी टाकून काय उपयोग? म्हणून काठी विकत घेण्यापूर्वी या तरुणाने तळ्याच्या धन्याची परवानगी मागावी, आणि शेजारच्या एखाद्या वृद्ध आगऱ्यास, यंदा पिले कोणत्या उघाडीने आली, एवढे विचारून यावे.