हक्कसोड

आजोबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. सावली तालुक्यातल्या आमच्या गावी धानाच्या बांध्या, एक घर आणि मोहाची दोन झाडं, एवढी इस्टेट. काही महिन्यांनी बाबांनी दोन्ही आत्यांना बोलावलं. स्टँपपेपरवर हक्कसोड पत्र झालं. आत्या साडी-चोळी घेऊन आपापल्या घरी गेल्या. सातबाऱ्यावर एकट्या बाबांचं नाव राहिलं.

हे मला गेल्या दिवाळीत कळलं, तेही मोबाईलवर सातबारा उघडला म्हणून. माझी एक शाळासोबतीण गडचिरोलीला वकिली करते. तिला फेरफार वाचून दाखवला. ती म्हणाली, "आत्यांना समजून सांगितलं होतं का कुणी?" मी पुण्यात बसून कोड लिहिणारा माणूस. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या मैत्रिणीचं काम म्हणजे वारसा, मृत्युपत्र, वाटणी, दत्तक. लंडनमध्ये अशा वकिलाला प्रायव्हेट क्लायंट सॉलिसिटर म्हणतात, मुंबईत त्यासाठी मोठ्या फर्म आहेत. गडचिरोलीत एक टेबल आणि एक बाक आहे. पहिली दोन वर्षं सीनियरकडे तिनं फक्त वंशावळी काढल्या. कोण कोणाचा, कोण कधी वारला, कोणाची पहिली बायको कुठली. बरोबरीची मुलं फौजदारी नाहीतर अपघाताच्या केसेसकडे गेली, कारण तिथं पैसा लवकर दिसतो. वारसाच्या कामात अशिलाचा विश्वास बसायलाच वर्षं जातात.

मला वाटलं, हे काम आपल्या भागात नवीन असेल. मग इतिहास वाचत गेलो आणि उलटंच निघालं. चंद्रपूरचा इतिहास म्हणजे एका अर्थी वारसाच्या भांडणांचाच इतिहास आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चांद्याचा गोंड राजा बीरशाह मारला गेला. मुलगा नव्हता. राणी हिराईनं रामशाहला दत्तक घेतलं आणि तो लहान असेपर्यंत कारभार सांभाळला. अंचलेश्वराजवळची बीरशाहची समाधी तिनंच बांधवली. दत्तक मान्य झाला, राज्य चाललं. पुढे चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघुजी वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. राजघराण्यातल्या स्त्रियांनी दत्तक घेतला, पण डलहौसीनं तो मानला नाही. 1854 मध्ये नागपूरसोबत चांदाही कंपनीच्या ताब्यात गेला. एका बाईनं घेतलेला दत्तक टिकला, दुसऱ्या बायकांनी घेतलेला टिकला नाही. कागद कोणाचा आणि तो वाचणारा कोण, यावर अख्खा जिल्हा हातचा गेला. चारच वर्षांनी, 21 ऑक्टोबर 1858 ला, मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, आणि 1875 मध्ये मध्य प्रांतासाठी एक कायदा झाला. चांदा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि आजची गडचिरोली चांद्यात. त्या कायद्याच्या सहाव्या कलमाचा अर्थ असा, की जिथं दुसरा नियम सापडत नाही तिथं न्यायाधीशानं न्याय, समानता आणि सदसद्विवेकानं निर्णय द्यावा. कोरडं वाक्य वाटतं ना? ते दीडशे वर्षांनी कामाला आलं.

1956 चा हिंदू वारसा कायदा मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा देतो. पण त्याच कायद्याचं कलम 2(2) सांगतं, की केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे गोंड कुटुंबात वारसा रूढीनं ठरतो. आणि रूढी काय आहे हे सिद्ध करायला मुलगीच कोर्टात उभी राहते. छत्तीसगडच्या सरगुजा भागातल्या एका गोंड कुटुंबात नेमकं हेच झालं. आईच्या वाट्यासाठी मुलं कोर्टात गेली आणि खालच्या कोर्टांत हरली, कारण बाईला वाटा देणारी रूढी त्यांना दाखवता आली नाही. 17 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न फिरवला. बाईला वगळणारी रूढी तरी कोणी सिद्ध केली? तीही नव्हती. मग 1875 चं तेच वाक्य आणि संविधानाचा समानतेचा अनुच्छेद 14 धरून वाटा दिला गेला.

मैत्रीण म्हणते, त्या निकालाची प्रत तिच्या पिशवीत कायम असते. दुसरा कागद असतो 2006 च्या वनहक्क कायद्याचा. त्यात वनजमिनीचा हक्क वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. आणि नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावे करायचा असतो. बायकोचं नाव आहे का, हे ती पहिल्यांदा बघते.

तिच्या टेबलावर कॉर्नेलिया सोराबजींचा फोटो आहे. नाशिकला 1866 मध्ये जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा. बाई म्हणून पदवी दिली नाही, कोर्टात उभं राहू दिलं नाही. 1904 पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी पडद्यातल्या बायकांच्या मिळकतीचं काम बघू लागल्या. ज्या बायका परपुरुष वकिलासमोर येऊ शकत नव्हत्या, त्यांच्या घरात जाऊन कागद समजावून सांगायचे. बायकांना वकिली करायला मोकळीक देणारा कायदा यायला 1923 साल उजाडलं. करिअरची सुरुवातच दार बंद असताना झाली, आणि तरी झाली.

दिवाळीतच मोठ्या आत्याकडे गेलो. विचारलं, "आत्या, त्या कागदात काय लिहून होतं, माहीत आहे का?"

"मले काय समजते बाबू? भावानं बोलावलं, गेली. इथं सही कर म्हणलं, केली." मग चहाचा कप पुढं करत म्हणाली, "माहेर तुटू नाही म्हून."

मैत्रिणीला विचारलं, आता काही होईल का? ती म्हणाली, नोंदवलेलं हक्कसोड इतक्या वर्षांनी उलटवणं फार अवघड आहे. पण बाबा आपल्या मर्जीनं बहिणींना बक्षीसपत्र करून देऊ शकतात. त्याला कोर्ट लागत नाही.

म्हणजे प्रश्न माझ्याकडेच आला. पुढं त्या बांध्या माझ्याच नावावर यायच्या होत्या. दीडशे वर्षांच्या इतिहासात मी ज्या लोकांवर चिडत होतो, त्यांच्याच बाजूला माझं नाव लागणार होतं.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "स्टँपला किती लागते, विचार तुझ्या वकीलबाईले."

मी त्याच रात्री मेसेज टाकला.